रक्ताचा कासरा

विळीवर भाजी चिरताना बोट कापते. रक्ताची धार लागते. आपण बोट घट्ट दाबून धरतो. पाच-सात मिनिटांत रक्त थांबते. चार दिवसांनी पाहावे, तर तेथे खपली धरलेली असते. यात काही नवल आहे असे आपल्याला वाटत नाही. लहानपणापासून आपण हे पाहत आलो आहोत.

पण थोडा विचार करा. जखमेच्या तोंडाशी रक्त गोठले. मग बोटाच्या आतले रक्त का गोठले नाही? रक्त तर तेच. एका जागी ते साकळून घट्ट झाले आणि तेथून दोन पेरे अलीकडे ते पहिल्यासारखे वाहत राहिले. हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर जाणून घेतले तर आणखी एक गोष्ट उमगेल. डॉक्टर काही रोग्यांना रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. लोक त्याला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. ती गोळी खरोखर काय करते, आणि सुरुवातीला तिच्या जोडीला पोटात सुया का टोचतात, तेही कळेल. ते न कळल्यामुळे माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून हा धडा सावकाश वाचा.

रक्त गोठते कसे?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ते शिरांतून सारखे फिरत असते. शिरेला चीर पडली की दोन कामे एकदम सुरू होतात.

रक्तात अगदी बारीक कण असतात. त्यांना प्लेटलेट म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात ते लाखांनी असतात. चीर पडली की हे कण धावतात आणि तेथे एकमेकांना चिकटून बसतात. हे पहिले काम.

दुसरे काम रक्तात विरघळलेल्या काही पदार्थांचे. यांतले बहुतेक पदार्थ आपल्या यकृतात, म्हणजे काळजात तयार होतात. डॉक्टरांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. दुसरा, सातवा, नववा, दहावा, असे. एरवी ते झोपलेले असतात. जखम झाली की एक जागा होतो. तो दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. रात्री वाडीत आग लागली म्हणजे एक घर दुसऱ्या घराला हाक देते, तसेच हे. शेवटी जो जागा होतो त्याचे नाव थ्रॉम्बिन. हा सगळ्यांत जोरकस. रक्तात विरघळलेल्या एका पदार्थाचे तो धागे करतो. त्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात रक्ताचे कण अडकतात, आणि गुठळी तयार होते.

शेतात दारे धरताना पाटाला खांड पडली तर आपण काय करतो? आधी दगड-ढेकळे टाकतो. मग काटक्या आणि पालापाचोळा घालून चिखलाने लिंपतो. प्लेटलेट ही ढेकळे समजा. फायब्रिनचे धागे या काटक्या.

गुठळीला आवरणारे कोण?

येथे एक अडचण आहे. थ्रॉम्बिन मोठा उतावळा. तो नुसते धागे करून थांबत नाही. ज्यांनी त्याला जागे केले त्यांनाच तो आणखी चेतवतो. त्यामुळे आणखी थ्रॉम्बिन तयार होतो. त्याला कोणी अडवले नाही तर खांड बुजवता बुजवता सगळा पाटच बुजून जाईल. बोट कापले म्हणून हातभर शीर बंद पडेल.

असे होत नाही, याचे कारण रक्तात आवरणारेही आहेत. बैलात जोर हवा, पण त्याला कासराही हवा. गोठवणारे पदार्थ हे बैल, आणि आवरणारे पदार्थ हा कासरा. या धड्यात तिघांची ओळख करून घेऊ.

पहिला अँटिथ्रॉम्बिन. तोही यकृतातच तयार होतो. मोकाट फिरणारा थ्रॉम्बिन दिसला की तो त्याला मिठी मारतो आणि सोडत नाही. जागा झालेला दहावा पदार्थ सापडला तर त्यालाही असेच धरतो. मग दोघेही निकामी होतात आणि शरीर त्यांना बाहेर काढते. एकट्याने काम करताना अँटिथ्रॉम्बिन तसा मंद असतो. परंतु शिरेच्या धडधाकट अस्तरावर असे काही पदार्थ असतात, की त्यांना टेकताच त्याला वेग येतो. म्हणून जेथे शीर चांगली आहे तेथे तो तरबेज असतो.

दुसरा आणि तिसरा हे जोडीदार आहेत. त्यांची नावे प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. यांची गंमत ऐका. थ्रॉम्बिन जखमेपासून वाहत वाहत दूर गेला आणि शिरेच्या चांगल्या अस्तराला लागला, की तेथे त्याची चाल पालटते. तेथे तो धागे करण्याचे सोडतो आणि प्रोटीन सीला जागे करतो. जागा झालेला प्रोटीन सी मग प्रोटीन एसची मदत घेऊन गोठवणाऱ्यांतले दोन मोठे गडी, पाचवा आणि आठवा, यांना तोडून टाकतो. म्हणजे ज्याने आग पेटवली त्यालाच पाण्याची घागर घेऊन धावायला लावले!

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जखमेपाशी अस्तर फाटलेले असते, म्हणून तेथे गोठवणाऱ्यांचा जोर चालतो. दोन पेरे अलीकडे अस्तर शाबूत असते, म्हणून तेथे आवरणाऱ्यांचा जोर चालतो.

कासरा सैल पडला तर

कधी कधी हा तोल बिघडतो. माणूस आजाराने किंवा शस्त्रक्रियेनंतर फार दिवस अंथरुणावर पडून राहिला, तर पायांतले रक्त संथ होते. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर रक्त जास्त गोठू लागते. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच ही सोय केली आहे. गरोदरपणी प्रोटीन एस कमी होतो. गोठवणारे पदार्थ वाढतात. काही प्रकारच्या कर्करोगांतही असे घडते.

काहींच्या घराण्यातच आवरणारा पदार्थ कमी असतो. १९६५ साली नॉर्वे देशातील ओलाव एगेबर्ग या डॉक्टरांनी अशा एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कुटुंबात अनेकांना गुठळ्यांचा त्रास होता आणि त्यांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन कमी होता. पुढे १९८१ साली प्रोटीन सी कमी असलेले कुटुंब सापडले. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन शहरातल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक प्रकार शोधला. त्यात प्रोटीन सी पुरेसा असतो, पण त्याने ज्या पाचव्या पदार्थाला तोडायचे तोच थोडा वेगळ्या घडणीचा असतो आणि सहजी तुटत नाही. कासरा आहे, पण बैल मानत नाही.

तोल गेला म्हणजे जखम नसतानाही आत गुठळी होते. बहुधा ती पायाच्या खोल शिरेत होते. पोटरी दुखते, एक पाय सुजतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर श्वास कोंडतो, आणि माणूस घटकेत दगावू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित झाले किंवा हृदयात धातूची झडप बसवलेली असली, तर गुठळी हृदयात होऊ शकते. तेथून ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

सुई : जी कासऱ्याला बळ देते

१९१६ सालची गोष्ट. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली काम करत होता. रक्त गोठवणारा पदार्थ शोधायचा हे त्याचे काम. सापडला मात्र उलटा! कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या एका अर्काने रक्त गोठेचना. १९१८ साली या जातीच्या पदार्थाला ‘हेपॅरिन’ असे नाव मिळाले. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणतात, त्यावरून हे नाव. आज हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात.

१९३९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक मोठी बाब दाखवून दिली. हेपॅरिन एकटे काहीच करू शकत नाही. रक्तातला आणखी एक पदार्थ त्याला सोबतीला लागतो. तो पदार्थ म्हणजे आपला अँटिथ्रॉम्बिन. हेपॅरिन त्याला बिलगते, आणि त्याचे थ्रॉम्बिन पकडण्याचे काम सुमारे हजार पटींनी वेगाने होऊ लागते. शिरेचे अस्तर जे काम करते तेच हेपॅरिन करते, पण फार मोठ्या प्रमाणावर.

म्हणजे हेपॅरिन हा नवा कासरा नव्हे. शरीराच्या स्वतःच्या कासऱ्याला दिलेले ते बळ आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हेपॅरिनचा गुण लवकर येतो. अँटिथ्रॉम्बिन रक्तात तयारच असतो, त्याला फक्त वेग द्यायचा असतो. दुसरी, ज्याच्या अंगात अँटिथ्रॉम्बिनच कमी, त्याला नेहमीच्या प्रमाणात हेपॅरिन देऊन पुरेसा गुण येत नाही. कासराच नसेल तर बळ कशाला द्यायचे? असा रोगी आढळला म्हणजे डॉक्टर औषधाचे प्रमाण वाढवतात, वेगळे औषध देतात, किंवा बाहेरून अँटिथ्रॉम्बिन देतात.

गोळी : जी दोन्हीकडे हात घालते

गोळीचा जन्म गोठ्यात झाला, असे म्हटले तरी चालेल. १९२०च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विचित्र रोग झाला. शिंगे कापली किंवा बैल खच्ची केला की रक्त थांबत नसे. जनावर रक्त वाहून मरे. जाणत्या पशुवैद्यांनी शोध लावला, की या गुरांनी स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्ला होता. हे पीक आपल्या मेथीच्या आणि लसूणघासाच्या कुळातले. चांगला वाळलेला चारा बाधत नसे. ओला राहून बुरशी आलेला चारा मात्र घात करी.

१९३३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मॅडिसन शहरातील विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड, बुरसटलेला चारा, आणि दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त. कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाने ते पाहिले. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९३९ साली चाऱ्यातला तो पदार्थ वेगळा काढला. पुढे त्याच जातीचा अधिक तीव्र पदार्थ तयार झाला. त्याचे नाव वॉरफरिन. १९४८ साली तो उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आला. १९५४ साली माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हे औषध दिले होते. प्रमाणात घेतले तर तारक, प्रमाण चुकले तर मारक. आपल्याकडे वॉरफरिन आणि त्याच्याच जातीची असेनोकुमरॉल अशा दोन्ही गोळ्या वापरतात.

ही गोळी काम कसे करते? आपल्या खाण्यात ‘के’ नावाचे जीवनसत्त्व असते. हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असते. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करताना ते शोधले. या शोधासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर मिळाले. यकृत गोठवणारे पदार्थ तयार करते, त्यांतल्या चौघांना शेवटचा हात फिरवायला ‘के’ लागते. ते चौघे म्हणजे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा. हत्यार बनले तरी त्याला धार लावावी लागते ना? तसेच हे. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाला पुन्हा पुन्हा कामास येऊ देत नाही. मग यकृतातून बोथट हत्यारे बाहेर पडतात आणि रक्त लवकर गोठत नाही.

रक्त पातळ होते, असे मात्र मुळीच नाही. रक्ताचा दाटपणा होता तसाच राहतो.

आता या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘के’ जीवनसत्त्वाची धार फक्त गोठवणाऱ्यांना लागते असे नाही. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या आवरणाऱ्यांनाही तीच धार लागते! म्हणून वॉरफरिन सुरू केले की बैलाचा जोर घटतो, आणि कासऱ्याचाही घटतो. मग आधी कोण घटते, हाच खरा प्रश्न आहे.

सोळा आण्यांचा हिशेब

गोळी घेतली म्हणजे रक्तात आधीपासून असलेले पदार्थ नाहीसे होत नाहीत. ते आपापल्या वेळेने झिजतात. प्रोटीन सी ८ तासांत निम्मा होतो. सातवा पदार्थ ६ तासांत निम्मा होतो. दुसरा पदार्थ, ज्याचा पुढे थ्रॉम्बिन होतो, तो मात्र निम्मा व्हायला सुमारे ६० तास घेतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरा, की गोळीने नवा माल बनणे पार थांबले, आणि प्रत्येकाची शिल्लक सोळा आणे होती.

प्रोटीन सी ८ तासांनी आठ आणे, १६ तासांनी चार आणे, २४ तासांनी दोन आणे. सातवा पदार्थ २४ तासांनी एक आणा. आणि दुसरा पदार्थ? २४ तासांनी तो अजून बारा आणे शिल्लक! ६० तासांनी तो आठ आण्यांवर येतो. चार आण्यांवर यायला त्याला १२० तास, म्हणजे ५ दिवस लागतात.

पाहिलेत काय होते ते? पहिल्याच दिवशी कासरा दोन आण्यांवर आला आणि बैल बारा आण्यांवर उभा आहे. म्हणून सुरुवातीच्या काही दिवसांत नुसती गोळी घेतली, तर रक्त कमी गोठण्याऐवजी जास्त गोठण्याचा धोका असतो. ज्याच्या घराण्यातच प्रोटीन सी कमी, त्याला तर क्वचित भयंकर इजा होते. कातडीखालच्या बारीक शिरांत गुठळ्या होतात, आणि मांडी, छाती, कुल्ला अशा जागी कातडी काळी पडून मरते.

म्हणून या दिवसांत सुईची सोबत देतात. सुई अँटिथ्रॉम्बिनला बळ देते. अँटिथ्रॉम्बिनला ‘के’ जीवनसत्त्व लागत नाही, म्हणून गोळी त्याला धक्का लावत नाही. एक कासरा सैल झाला तरी दुसरा घट्ट धरलेला असतो.

समजा, असे घडले

समजा, एका घरची सून बाळंत झाली. आठव्या दिवशी तिचा डावा पाय सुजला. डॉक्टरांनी तपासले तर खोल शिरेत गुठळी. त्यांनी पोटाच्या कातडीत हेपॅरिनच्या जातीची सुई सुरू केली आणि गोळीही दिली. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले. आयएनआर नावाचा आकडा २ च्या वर गेला होता.

थोरला दीर म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगितलं होतं, आकडा दोनच्या वर गेला की गोळी लागू पडली. मग आता रोज सुया कशाला? खर्च का थोडा आहे? बाळंतिणीला त्रास तो वेगळाच.”

डॉक्टर म्हणाले, “दादा, बोलणं तुमचं रास्त आहे. पण हा आकडा आज आपल्याला फसवतोय. सातवा पदार्थ लवकर संपला, म्हणून आकडा वर गेला. खरा गडी दुसरा पदार्थ. तो अजून पुरता उतरलेला नाही. सुई आज थांबवली आणि गुठळी छातीत गेली, तर मग काय करायचं?”

सासूबाई म्हणाल्या, “मग किती दिवस घ्यायच्या?”

“निदान पाच दिवस. आणि आकडा दोनच्या वर जाऊन पुरे चोवीस तास टिकला पाहिजे. दोन्ही गोष्टी झाल्या की सुई बंद. गोळी पुढे चालू राहील. गोळी घेताना बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.”

दीर समजूतदार होता. त्याने ऐकले. अशा वेळी प्रत्येक घरात एक तरी माणूस असा ऐकणारा असावा. डॉक्टरांकडे दोन मिनिटे थांबून ‘का’ म्हणून विचारणारा असला, तर आणखी चांगले.

आणखी काही गोष्टी

ही औषधे झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. त्यासाठी त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून ‘सूज उतरली, आता गोळी कशाला’ असे म्हणू नये.

गोळी चालू असताना प्रोटीन सी आणि एस तपासले तर ते कमीच दिसणार. हेपॅरिन चालू असताना अँटिथ्रॉम्बिनही कमी दिसू शकतो. त्यावरून ‘तुमच्या घराण्यात दोष आहे’ असे ठरवता येत नाही. ही तपासणी केव्हा करायची ते डॉक्टर ठरवतात.

गरोदर बाईने वॉरफरिन आपल्या मनाने घेऊ नये. ते वारेतून गर्भाला पोचते आणि त्याला इजा करू शकते. हेपॅरिन गर्भापर्यंत पोचत नाही. गोळी घेणाऱ्या बाईला दिवस गेल्याची शंका आली, तर तिने त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

आता नव्या गोळ्याही आल्या आहेत. रिवारोक्सॅबान, अपिक्सॅबान, डॅबिगाट्रान ही त्यांची नावे. या गोळ्या अँटिथ्रॉम्बिनची वाट पाहत नाहीत आणि ‘के’ जीवनसत्त्वाच्याही वाटेला जात नाहीत. पहिल्या दोन दहाव्या पदार्थाला थेट धरतात, आणि तिसरी थ्रॉम्बिनला. त्यामुळे आयएनआर पुन्हा पुन्हा तपासावा लागत नाही. पण त्या सर्वांना चालत नाहीत. हृदयात धातूची झडप असलेल्यांना वॉरफरिनच्या जातीचीच गोळी लागते. सांधेदुखीच्या तापाने झडप आकुंचन पावून ठोके अनियमित झाले असतील, तर त्यांनाही तीच गोळी बरी, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. शेजाऱ्याची गोळी बदलली म्हणून आपली बदलू नये.

वही करा

तुम्ही आता वाचू-लिहू शकता. या विद्येचा येथे मोठा उपयोग आहे. वॉरफरिनची गोळी १ मिलिग्रॅमची असते, २ ची असते आणि ५ ची असते. १ च्या जागी ५ ची घेतली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गोळी घेण्याआधी पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा.

एक वही करा. तीत तारीख, गोळीचे प्रमाण आणि आयएनआरचा आकडा लिहा. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. धातूची झडप असलेल्या काहींचा थोडा अधिक ठेवतात. आपला आकडा किती हवा ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या.

या गोष्टी ध्यानात ठेवा :

१. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

२. गोळी किंवा सुई आपल्या मनाने बंद करू नये.

३. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी सोडू नये. पण एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असेही करू नये. खाणे एकसारखे ठेवावे.

४. अंगदुखीची गोळी दुकानातून विचारल्यावाचून घेऊ नये. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन उलट वॉरफरिनचा गुण कमी करते. जडीबुटी, काढा, कोणतेही नवे औषध सुरू करताना आधी डॉक्टरांना सांगावे.

५. दात काढायचा असो की दंडात सुई घ्यायची असो, ‘मी रक्त न गोठण्याची गोळी घेतो’ असे आधी सांगावे.

६. काळी डांबरासारखी शी, लाल लघवी, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, रक्ताची उलटी किंवा डोक्याला मार, यांपैकी काही झाले तर घरी थांबू नये. तडक दवाखाना गाठावा. वॉरफरिनवर उतारा म्हणून ‘के’ जीवनसत्त्व देतात, हेपॅरिनवर प्रोटामिन देतात. पण ते काम दवाखान्यातले.

७. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तरीही तडक दवाखाना गाठावा.

आपल्या रक्तात गोठवणारे आहेत आणि आवरणारेही आहेत. दोघेही आपलेच. एकाने जखम बुजते, दुसऱ्याने शीर वाहती राहते. कोणाचे किती चालू द्यायचे याचा तोल शरीर रात्रंदिवस सांभाळत असते. तो तोल गेला म्हणजे औषध मध्ये पडते. तेव्हा औषधाचा हात मध्येच सोडू नका.

प्रश्न

१. बोट कापल्यावर जखमेपाशी रक्त गोठते, पण शिरेत पुढे गोठत नाही. का?

२. हेपॅरिनला काम करण्यासाठी रक्तातला कोणता पदार्थ लागतो?

३. गोळी सुरू केल्यावर निदान पाच दिवस सुई का देतात? सोळा आण्यांचा हिशेब मांडून घरच्यांना समजावून सांगा.

४. तुमच्या ओळखीत कोणी ही गोळी घेत असेल तर त्यांना वही आखून द्या.